गांडुळं वर आली तेव्हा

वांग्यांना खत घालायचं म्हणून सकाळी गांडूळखताच्या वाफ्यावरचं गोणपाट उचललं आणि हात तसाच थांबला. एरवी खाली अंधारात असणारी गांडुळं कडेच्या विटांवर चढून बाहेर पडत होती. आदल्या दिवशी मीच त्यात ताजं शेण टाकलं होतं. बोटं घालून पाहिली, तर तापलेल्या अंगासारखं लागलं.

शेजारच्या सुमनकाकू माझी हाक ऐकून आल्या. "शेण मुरलेलं नव्हतं गं, ताजं शेण कुजताना तापतं. ते आधी काढ, मग पाणी शिंपड."

दोघींनी शेण उपसलं. बाहेरची गांडुळं मी ओंजळीने आत सोडली. काही उन्हात वाळून दोऱ्यासारखी झाली होती. ज्यांना ओरडता येत नाही, त्यांचं दुखणं आपल्याला किती उशिरा कळतं.

"जगतील का?"

"खाली गेली तर जगली म्हण. सारखं उघडून बघू नकोस, उजेडाचाही त्रास होतो त्यांना."

तरी दिवसभरात मी तीनदा पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी विटांवर एकही नव्हतं. खत थोडं बाजूला केलं, तर चार-पाच हलताना दिसली. बाकीची आणखी खाली असतील, असं मानून मी हात मागे घेतला.