डाकबंगल्यातली भाकरी

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. बाबांपाशी नाही, भावापाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे — की ओळखत नाही म्हणूनच सोपं जातंय? असेल. सोपं असेल तेवढंच करायची मला सवय आहे.

सांगायला बसले की आधी त्या हॉटेलचं वर्णन सुचतं. तेही सोपंच. गोदावरीच्या काठचं गाव आहे, आमच्या जालना जिल्ह्यातलं, नाव घेत नाही. तिथं निजामाच्या काळातला डाकबंगला आहे. साहेब लोक दौऱ्यावर आले की तिथं उतरायचे. माझ्या लहानपणी त्याच्या छपरात वटवाघळं आणि व्हरांड्यात शेळ्या असायच्या. मग कुणीतरी तो घेतला, दगड घासून काढले, भिंतींना जुन्या पद्धतीनं चुना लावला, सागवानी दारं दुरुस्त करून पुन्हा बसवली आणि नदीच्या बाजूला ऐसपैस ओटा बांधला. आता तिथं पुण्यामुंबईची माणसं येऊन राहतात. सकाळी पाण्यावरचं धुकं बघतात आणि दुपारी ओट्यावर, चुलीसमोर बसून जेवतात. त्या चुलीवर भाकरी करायला माझी आत्या होती.

गयाआत्या. बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती परत आली आणि आमच्याच घरात राहिली. आई दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानं. शाळेच्या डब्यातली भाकरी तिची, कॉलेजला जालन्याला जाताना फडक्यात बांधून दिलेली भाकरीही तिचीच. आयुष्यभर तिनं राबण्याशिवाय काही केलं नाही आणि कुणी तिला नावानं हाकही मारली नाही — कुणाची बहीण, कुणाची विधवा, एवढंच. उतारवयात हे हॉटेलचं काम लागलं आणि बाई बदललीच. बाबा फोनवर हसून सांगायचे, "लोकं टाळ्या वाजवून राह्यले तुझ्या आत्याला. फोटो काढून राह्यले." पाहुणे तिला नाव विचारायचे. ती घरी येऊन सांगायची, आज मुंबईची एक बाई म्हणाली, गयाबाई, तुमच्या हातात जादू आहे. हे ती सगळ्या वस्तीला सांगायची, ज्याला आधी सांगितलंय त्यालाही. मी फोनवर "बरं झालं" म्हणायचे आणि विषय बदलायचे.

का बदलायचे? आता तिकडेच यावं लागेल.

मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते. आमचं आडनाव जाधव. जाधव सगळ्यांत असतात — हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही फार लवकर कळलं. नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, जाधव म्हणजे मूळ कुठल्या? हा प्रश्न गावाचा नसतो. मी गाव सांगितलं. वडीगोद्रीकडची, म्हणाले. मॅडम म्हणाल्या, अच्छा, म्हणजे शेती वगैरे असेल. मी म्हणाले, हो. झालं. खोटं कुठं बोलले? मी जात लपवली नाही हो, मी फक्त गाव सांगत राहिले. वर्षानुवर्षं. घरात बाबासाहेबांचा फोटो होता, तो कुणी सहकारी येणार असेल त्या दिवशी आतल्या खोलीत जायचा. ते गेले की पुन्हा बाहेर. हे एवढं सफाईनं जमायला लागलं होतं की रिकाम्या खिळ्यावर लगेच कॅलेंडरही लागायचं.

आणि कशासाठी? नोकरी पक्की होती. कुणी मला काढणार नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मॅडम, विभागातलीच रेवती आणि मी — आमचं तिघींचं मेतकूट होतं, डब्यातली भाजी एकमेकींच्या ताटात जायची, दर डिसेंबरात आम्ही कुठंतरी फिरायला जायचो. ते जाऊ नये, एवढंच. मोठं काही कारण असतं तर निदान सांगताना तरी बरं वाटलं असतं.

त्या वर्षी मॅडमनी फोनवर शोधून हाच डाकबंगला काढला. म्हणाल्या, अगं, तुझ्याच भागात आहे की, आणि तू कधी बोलली नाहीस! मी कोकण सुचवलं, थंडीचं कारण काढलं, पण खोल्या ठरल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या ओट्यावर चुलीपाशी बसली होती. हॉटेलवाल्यांनी तिला हिरवं नऊवारी नेसवलं होतं, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत्यानं कुंकू कधीच सोडलेलं होतं. तिनं वर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा पीठ मळायला लागली. तोंडावर काहीही नाही. मॅडम म्हणाल्या, नमस्कार मावशी. आत्या म्हणाली, "या म्याडम, बसा." मग मलाही — "या म्याडम."

तुम्हाला वाटेल, किती समजूतदार बाई. भाचीची अडचण ओळखली. मलाही पुढं कित्येक दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. पण तसं नाही. मी आदल्या दिवशी तिला फोन केला होता. म्हणाले होते, आत्या, माझ्यासोबत कॉलेजची माणसं आहेत, तू ओळख दाखवू नको. ती म्हणाली, "बरं. बिलकुल न्हाई दाखवनार. मंग काय म्हनू तुला?"

मी सांगितलं, मॅडम म्हण.

हे सांगून झालं की संपलं, असं वाटतं ना? नाही. इथवरचं मी एखाद्या वेळी कुणाला सांगूही शकले असते. यात नुसता भित्रेपणा आहे, आणि भित्रेपणा लोक पोटात घालतात.

जेवायला बसलो. वांग्याचं भरीत, भाजक्या डाळींच्या मसालेदार पिठाची, येसराची आमटी, ठेचा, आणि चुलीवरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी. आत्या थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची, उलटायची, मग निखाऱ्याला लावून फुगवायची. मॅडम तर वेड्या झाल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ काढला. आत्याला विचारलं, घरी कोण कोण असतं मावशी? आत्या तव्याकडं बघत म्हणाली, "भाऊ हाय. भावाची लेक हाय, लई शिकली. लांब असती." मी ठेच्याचा घास घेतला होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं ते चालून गेलं.

तेवढ्यात मागच्या फाटकातून गॅसची टाकी घेऊन एक माणूस आत आला. जाता जाता म्हणाला, "जयभीम, आक्का." आत्यानं पिठाचा हात थोडा वर केला. "जयभीम, भाऊ."

मॅडमचा हात थांबला. फार नाही, क्षणभर. मी तो पाहिला कारण मी आयुष्यभर तेवढंच पाहत आले आहे. त्यांनी घास खाली ठेवला, पाणी प्यायल्या, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, भाकरी जरा कच्चीच लागतेय का गं? रेवतीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि म्हणाली, हो, मलाही जरा तसंच वाटलं. कुणी कशाचं नाव घेतलं नाही. दोन-दोन भाकऱ्या खाऊन झाल्यावर ती कच्ची झाली.

मॅनेजर ओट्यावरच होता. तरुण मुलगा, नम्र. मॅडमनी त्याला सांगितलं, एवढे जुने दगड जपता, खाण्याकडंही लक्ष द्या. पोट बिघडलं तर? तो गोंधळला. त्याला आत्याचं कौतुक होतं, दिसत होतं ते. कच्ची नसते हो कधी, म्हणाला. आणि मग माझ्याकडं वळला. "मॅडम, तुम्ही याच भागातल्या ना? तुम्हाला भाकरी कळते. तुम्ही सांगा."

आता बघा — त्यानं सगळं माझ्या हातात दिलं होतं. दोन बायकांचं म्हणणं एकीकडं, आणि गावाकडची म्हणून माझा शब्द एकीकडं. मी "नाही, चांगली आहे" म्हणाले असते तर आत्या कामावर राहिली असती. एवढ्यानं मी उघडी पडले नसते. माझ्या ताटात अर्धी भाकरी होती. तिचा वरचा पापुद्रा सुटलेला, खाली निखाऱ्याचे चॉकलेटी डाग. लहानपणापासून खात आलेली तीच भाकरी. आत्यानं चुलीवरची नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. मी काय म्हणते, हे ऐकायला ती थांबली होती, एवढंच.

मी म्हणाले, "हो. कच्ची आहे." आणि ताट सारलं.

आत्या उठली. माझ्या ताटातला तुकडा तिनं घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला. तिला काय कळायचं राहिलं होतं? मॅनेजरला म्हणाली, "राह्यली आसंल. जाळ कमी पडला जरा."

तो कमी पडला नव्हता. तिनं मला खोटं पडू दिलं नाही.

आम्ही ठरल्याप्रमाणे राहिलो. संध्याकाळी नावेत बसलो, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी वेगळी बाई होती, तेच हिरवं लुगडं नेसलेली. मॅडम म्हणाल्या, आज छान झाल्यात भाकऱ्या. मी खाल्ल्या.

आत्यानं घरी सांगितलं, धुरानं डोळ्याला त्रास होतो म्हणून काम सोडलं. बाबांनी फोनवर मला तसंच सांगितलं आणि वर म्हणाले, तिला काय झालंय कळत नाही, घरीसुद्धा भाकर टाकत नाही आता, सून करते. मी म्हणाले, वय झालं बाबा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. सांगायचं ठरवून गेले होते. शब्द पाठ केले होते, वर्गात जाण्याआधी करते तसे. पण तोंडातून निघालं भलतंच. म्हणाले, आत्या, मला एक भाकर करून दे ना. ती गव्हात हात घालून निवडत बसली होती. मान न उचलता म्हणाली, "न्हाई बाई. माही कच्ची राह्यती आता."

टोमणा असता तर मी पाय धरले असते. मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला, नीट शोधला. नव्हता. बाईला ते खरंच वाटायला लागलं होतं. शिकलेली भाची सगळ्यांसमोर म्हणाली, म्हणजे असेल — तिचा माझ्यावर इतका विश्वास होता. त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं: आत्या, ती नीट भाजलेली होती. मी बोलले नाही. ते बोललं की मग का म्हणालीस, हे आलं असतं. मी तिच्याशेजारी बसले आणि गहू निवडायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वस्ती जमली होती. आमच्यात अशा वेळी माणसाविषयी चार शब्द बोलतात. शिकलेली म्हणून माईक माझ्याकडं आला. मी बोलले. चांगलं बोलते मी, धंदाच आहे माझा. आत्याच्या हातच्या भाकरीवर बोलले. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. बाबा पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले, आणि मला म्हणाले, तिचं नाव काढलंस पोरी. मी मान डोलावली.

माईक खाली ठेवून बसले तर फोनवर रेवतीचा मेसेज होता. रजा का काढलीस, कोण गेलं गं?

मी तिथंच बसून लिहिलं — गावाकडच्या एक बाई. तू ओळखत नाहीस.