बोळातलं वाळवण

आमच्या बोळातून मोटार जात नाही. बारामतीच्या जुन्या पेठेत असे बोळ आता थोडेच राहिलेत. नवीन माणूस विचारतो, कोणी बंद केला? आम्ही केला. मी, माझी जाऊ आणि बोळातल्या आणखी काही बायका. परवानगी कोणाची घेतली, तर कोणाचीच नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. परवानगी मागायला जेवढी शाळा लागते तेवढी झालेली नाही.

बोळाच्या एका टोकाला बाजाराचा रस्ता आहे आणि दुसऱ्या टोकाला स्टँडकडं जाणारा. मधे दोन्ही बाजूंना घरं, उंबरे रस्त्याला टेकलेले. एक मोटार आली की चालणाऱ्यानं कोणाच्या तरी दारात चढून उभं राहायचं, एवढीच रुंदी. मी लग्न होऊन आले तेव्हा इथून सायकल जायची, हातगाडी जायची, बायका उंबऱ्यावर बसून भाजी निवडायच्या. मग गावात मोटारी वाढल्या. काटेवाडीचा माणूस पूर्वी एसटीनं यायचा, नाहीतर मोटरसायकलवर. आता पावशेर फरसाण न्यायलाही त्याला चारचाकी लागते. बाजाराचा रस्ता तुंबायला लागला. तो तुंबला की गाड्या आमच्या बोळात. हा रस्ता आधी गावातल्यांनाच ठाऊक होता, आता मोबाइलमधली बाई सगळ्या जगाला सांगते. डावीकडं वळा म्हणते. ती इथं राहत असती तर म्हणाली नसती.

दोन्हीकडून दोन मोटारी आत आल्या की समोरासमोर अडायच्या. मागं कोण सरणार यावरून भांडण. तोवर दोघांची इंजिनं चालू, कारण आत गार हवा पाहिजे. आणि सायलेन्सरचं तोंड बरोबर आमच्या उंबऱ्याच्या उंचीला. गार हवा त्यांना, गरम धूर आम्हाला.

घरात आम्ही दोघीच. दोघींचे नवरे गेले. माझी मुलगी इंदापूरला दिली, जावेचा मुलगा भवानीनगरला नोकरीला. जाऊ माझ्यापेक्षा लहान आहे. आमचं दोघींचं फार गूळपीठ आहे असं कोणी समजू नये. सकाळी चहात साखर किती, इथून भांडण सुरू होतं ते संध्याकाळी दार कोणी लावायचं इथपर्यंत चालतं. तिला दमा आहे. डॉक्टरांनी सांगितलं, यांना धुरापासून लांब ठेवा. तिच्या मुलानं त्याचा अर्थ घेतला, आईला बारामतीपासून लांब ठेवा.

तो मला म्हणाला, "थोरल्या आई, उन्हाळा सरला की मी आईला घेऊन जाणार."

मी म्हणाले, "धूर हलवायचा सोडून माणूस हलवतोस व्हय?"

"धूर माझ्या हातात हाय का?"

"मग माणूस तरी तुझ्या हातात हाय का, ते इचार तिला."

त्यानं विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिचं मन हललं आहे, एवढं मला इतक्या वर्षांत कळतं.

त्या आधीच्या हिवाळ्यात तिला एकदा जोराची धाप लागली होती. रिक्षा बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण आत दोन मोटारी अडलेल्या. मी एकाच्या काचेवर हात आपटला, तर त्यानं बोटानं समोरच्या मोटारीकडं दाखवलं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघी बायकांनी तिला उचलून नेलं. त्या दिवशी मी काही ठरवलं, असं सांगायला बरं वाटेल. पण त्या दिवशी मी नुसत्या शिव्या दिल्या. ठरलं ते उन्हाळ्यात, आणि कुरडयांवरून ठरलं.

कुरडयांचं काम सोपं नसतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, सकाळी तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर साच्यातून पाडायचा. आम्ही दरवर्षी गच्चीवर बाज नेऊन त्यावर वाळवायचो. गेल्या वर्षीचा डबा उघडला तर पांढऱ्या कुरडयांवर बारीक काळे ठिपके. बोट फिरवलं, बोटाला काजळी.

जाऊ म्हणाली, "आक्का, तळल्यावर कळत न्हाय."

"तुझ्या छातीतलं तरी कुठं कळत हुतं," मी म्हणाले.

आणि मी बाज गच्चीवर न्यायचीच नाही असं ठरवलं. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं. दुखतात, पण गच्ची चढता येऊ नये एवढे नाहीत. बाज दारासमोर, बोळाच्या मधोमध टाकली, वर जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडया पाडायला बसले.

पहिली मोटार आली. चालवणारा चांगल्या घरचा दिसत होता. त्यानं हॉर्न वाजवला. मी पाडत राहिले. तो उतरला.

"आजी, बाज बाजूला घ्या."

"वल्ल्या हायत. वाळल्या की घेते."

"कधी वाळतील?"

"ऊन कसं पडतंय त्यावर हाय."

"मग मी कसा जाऊ?"

"जा की वरनं. अन्न हाय, तेवढं बघ."

आमच्याकडं माणूस माणसाच्या अंगावर गाडी घालील, पण वाळवणावर घालणार नाही. सांडलेल्या ज्वारीवर चुकून पाय पडला तर वाकून पाया पडणारी ही माणसं. मला ते ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. बाज हलवायला हात लावावा तर वर ओल्या कुरडया. तो गाडीत बसला आणि मागं मागं घेत गेला. बोळाच्या तोंडाशी त्याचा आरसा भिंतीला घासला. मला वाईट वाटलं नाही.

समोरच्या घरातली चाची हे सगळं दारातून बघत होती. तिच्या घरी शेवयांचं काम निघालं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन खुर्च्या मांडल्या, त्यावर काठ्या आडव्या टाकल्या आणि शेवया वाळत घातल्या, बरोबर रस्त्यावर.

"तुमची बाज खाली, माझ्या काठ्या वर," ती म्हणाली. "आता जीपबी जायची न्हाय."

मग कोणी सांडगे घातले, कोणी पापड. सांगवीहून लग्न होऊन आलेली एक सून मिरच्या घेऊन आली. त्या मी पार टोकाला टाकायला लावल्या. धूर नसला आणि मिरचीचा खकाणा असला तरी जावेला ठसका तोच लागतो. दुपारी बोळात आवाज नसायचा. बायका कावळे हाकलत बसायच्या. जाऊ उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. कित्येक दिवसांनी बाहेर बसली आणि बसल्या बसल्या माझ्या कुरडया जाड पडतात म्हणाली.

कोपऱ्यावर कापडाचं दुकान आहे. तो दुकानदार आला, हात मागं बांधून.

"मावशी, माझं गिऱ्हाईक गाडीतनं येतं."

"गाडी बाजारापलीकडच्या मैदानाला लावू दे, तितनं चालत येऊ दे. पाय आणतातच की बरुबर."

"साडी घ्यायला आलेली बाई उन्हातनं चालंल?"

"लग्नात दुपारभर मिरवते, तवा चालतं."

बायका हसल्या. तो चिडला. "हसा. उद्या कोणाला काय झालं तर आत रिक्षा कशी येणार? तुमच्याच घरात आजारी माणूस हाय."

मी त्याला म्हणाले, तू तुझं दुकान बघ. पण खरं सांगायचं तर, जिच्यासाठी बोळ अडवला तिचीच वाट मी अडवली नाही ना, हे मनात राहिलं. तरी बाज काढली नाही.

कोणीतरी तक्रार केली आणि नगरपालिकेच्या कचेरीतले साहेब आले. तरुण पोरगा, घामाघूम झालेला, बोलायला नीट. जावेनं त्याला उंबऱ्यावर बसवलं आणि वाटीत गरम चीक, वर दूध-साखर घालून दिला.

खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आजी, रस्ता सगळ्यांचा आहे. असा अडवता येत नाही."

"मोटार उभी केलेली चालती, बाज उभी केलेली चालत न्हाय?"

"मोटार उभी करणंही चूकच आहे."

"मग आदी ती उचला. मागनं मी बाज उचलते."

तो हसला. म्हणाला, मोठ्या शहरांत मधल्या पेठांमधे मोटारी बंद करतात, लोक चालतात, हवा सुधारते. इथंही तसं करावं असं त्याच्या मनात आहे. पण लोक ऐकत नाहीत.

"लोक म्हंजे कोण?" मी म्हणाले. "आमी लोक न्हवं का?"

त्यानं वाटी खाली ठेवली. "वाळवण किती दिवस चालणार?"

"पाऊस पडंपतूर."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

पुढं आठवड्याच्या बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी बाजाराच्या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते आणि तिथला धूर वाऱ्यानं आत येतो. भर दुपारी जावेला धाप लागली. औषधाचा फवारा घेतला तरी उतरेना. तिचे ओठ काळे पडायला लागले. रिक्षा बोलावली. मी दारात येऊन बघितलं तर बोळभर बाजा, काठ्या, पापडांचे कागद. दुकानदाराचं बोलणं आठवलं. 

चाचीनं एकच हाक दिली, "उचला गं."

दोन बायकांनी बाजेची दोन टोकं धरायची की बाज उभी भिंतीला. काठ्या गेल्या, खुर्च्या गेल्या, कागद गुंडाळले. रिक्षा तोंडाशी आली तेव्हा वाट मोकळी होती. दुकानदारही पळत आला. त्यानं माझ्या बाजेचं एक टोक धरलं आणि ओल्या कुरडया त्याच्या पांढऱ्या शर्टावर सरकल्या. रिक्षा थेट आमच्या उंबऱ्याला लागली. बाज उचलायला दोन बायका लागतात. मोटार उचलायला तिचा मालक लागतो आणि तो दुकानात साड्या बघत असतो.

रिक्षात बसवताना जाऊ धापा टाकत म्हणाली, "आक्का, मिरच्या तुडवल्या गं."

"गप बस," मी म्हणाले.

ती बरी होऊन घरी आली, तसा तिचा मुलगा भवानीनगरहून आला. मोटार त्याला बाजाराच्या पलीकडं लावावी लागली. पिशवी हातात घेऊन चालत आला, आईचे कपडे भरायला.

"आई, चल. हितं परत तसंच झालं."

जाऊ म्हणाली, "तसंच न्हाय झालं. मागच्या टायमाला मला खुर्चीत घालून नेली, मयतासारखी. आता रिक्षा दारात आली. तुझ्याकडं काय वेगळं हाय? ऊस तुटला की पाचट पेटवता. काळी राख उंबऱ्यात पडती."

"मी कुठं पेटवतो?"

"शेजारी पेटवतो. त्याला सांगितलंस का कधी?"

त्यानं पिशवी खाली ठेवली.

"आदी ते थांबव, मग मी येते. हिनं बग, आपल्या दारातलं थांबवलं. आन मी आले तर ही भांडंल कोणाशी? मोटार काय उलटून बोलत न्हाय."

तो माझ्याकडं वळला. "थोरल्या आई, तुमी तरी सांगा."

मी गहू निवडत होते. "मी काय सांगू. तिला तोंड हाय, तिनं सांगितलं."

तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "पाऊस आला, वाळवण आत गेलं, की गाड्या परत येणार. तवा काय करणार?"

हे मात्र त्यानं बरोबर विचारलं. बोळात एकेका घरात जातं पडून आहे, गिरणी आल्यापासून कोणी फिरवत नाही. आमचं मोरीजवळ होतं, चाचीचं जिन्याखाली. मी म्हणाले, "आलाच हायस तर हात लाव." आईला न्यायला आलेल्या माणसानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जात्याच्या तळ्या, म्हणजे खालचे जड दगड, बोळाच्या तोंडाशी लोटत नेल्या. माप घ्यायला रिक्षावाल्याला बोलावलं. त्याची रिक्षा जाईल आणि मोटार जाणार नाही, एवढी फट ठेवून दगड रोवले. दुसऱ्या टोकालाही तसंच. पिशवी तो रिकामीच परत घेऊन गेला.

साहेब पावसाळ्यात येऊन बघून गेले. दगडाला पाय लावून हलतो का ते बघितलं. हलला नाही. "हे नियमात बसत नाही," म्हणाले. मी म्हणाले, नियम थोडा मोठा करा, मग बसंल. कागदावर अजून काही झालेलं नाही. दगड आहेत. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक आता चालत येतं, निवांत बसतं, सगळं बघतं आणि काही न घेता जातं. पूर्वीही तेच व्हायचं, पण तेव्हा तो मोटारी मोजत बसायचा.

जावेचा खोकला गेलेला नाही. बाजाराचा रस्ता तसाच तुंबतो आणि वारा इकडचा असला की धूर आत येतोच. म्हणून होळी झाली की या वर्षी दुप्पट गहू भिजत घालायचे, असं मी चाचीला सांगून ठेवलं आहे. बोळातल्या बाजा पुरणार नाहीत. बाजाराचा रस्ता रुंद आहे.

"आक्का, त्या रस्त्याला पोलीस असतो," जाऊ म्हणाली.

"मग एक वाटी चीक जास्त काढ," मी म्हणाले.