शाळेचे वासे

१८ मे. पावसाआधी जळाऊ लाकूड पडवीत रचत होते. सुताराकडून आणलेल्या सागवानाच्या ढलप्यांचा वास आला आणि दोन हजार सालचा श्रावण आठवला.

माझे वडील, अप्पा, त्या श्रावणात एका सकाळी गेले. पाऊस थांबत नव्हता. वाडीत चितेसाठी कोरडं लाकूड नव्हतं.

अप्पांनी जन्मभर शिकवलं ती इंग्रजांच्या काळातली शाळा बंद पडली होती. जांभ्याच्या जाड भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, वर उंच उतरतं छप्पर. मे महिन्यातही वर्ग गार असायचा. शाळा पुन्हा उघडेल म्हणून अप्पा दरवर्षी स्वतः कौलं चाळून, फुटकी बदलून घेत. तिथली खुंटीही कुणाला काढू देत नसत.

शेजारचे गणूकाका निथळत दारात आले. "बाय, शालेचे वासे तेवढे कोरडे हायत. काढू काय?"

"मास्तर उठून छडी मारतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"काढा," मी म्हटलं.

सागवान चांगलं पेटलं, असं परत आलेल्यांनी सांगितलं. मला रडू आलं नाही. एक काम झालं, एवढंच वाटलं. वासे कोरडे का राहिले होते, हे आज ढलप्या रचताना पहिल्यांदा मनात आलं.

अप्पा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतक असूनही, मी गणूकाकांना घेऊन शाळेत गेले. उघड्या छपरातून पाणी अप्पांच्या टेबलावर पडत होतं. टेबल बाजूला ओढलं आणि वर ताडपत्री बांधून घेतली.