दादाचं वेगळं ताट

बीडजवळच्या नारायणगडाच्या देवस्थानी मी आजवर एकदाही गेलेलो नाही. हे कुणालाच ठाऊक नाही, कारण सिरसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर माझ्याएवढा गडाचा भक्त दुसरा नाही. दर महिन्याला मी गडावर म्हणून निघतो, बीडच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घेतो आणि स्टँडजवळच्या दुकानातून खडीसाखर घेऊन घरी येतो. वहिनी ती पुडी आधी देवापुढं ठेवते. शेजारच्या बायका नवसाचे नारळ माझ्याकडे सोपवायला लागल्या. मीही घेतले. त्यांचं काय केलं ते विचारू नका.

गोळ्या देण्याआधी तिथली सिस्टर दर वेळी विचारायची, खोकला आहे का, ताप येतो का, रात्री घाम येतो का, वजन घटलंय का. मी सगळ्याला नाही म्हणायचो. खोकला होता. पण टीबी निघाला तर चौकशीला दवाखान्याची माणसं घरी येतील, ही धास्ती. शेवटी एकदा ‘नाही’ म्हणता म्हणताच ढास लागली.

सिस्टर म्हणाली, "मग हे काय, गाणं म्हणताय?"

बेडका तपासला, टीबी निघाला. सुदैव असं, की आता दोन्ही आजारांची औषधं एकाच खिडकीवर मिळायला लागली होती. गावच्या दवाखान्यात तोंड दाखवायला नको. माझी लपवाछपवी ओळखूनच जणू सरकारनं ही सोय केली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं? त्यांनाही तपासायला हवं."

मी म्हणालो, "एकटाच असतो."

मेंढरांच्या वाड्यालगत आमची खोपी आहे. तिथं मेंढरं राखायला मी आणि माझा थोरला भाऊ एकाच वाकळेवर निजत होतो.

मी बरा झालो, अंगानं भरलो. दादा खूश. "गड पावला बे तुला!" मग तोच खोकायला लागला. म्हणाला, "पुढच्या बारीला माझं बी सांग देवाला." मी बरं म्हणालो आणि खडीसाखर आणून दिली. त्यानं ती श्रद्धेनं चघळली आणि तो वाळत गेला.

थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा त्याला गावच्या दवाखान्यात नेलं. टीबीच निघाला. घरात आधी कुणाला होता का, असं डॉक्टरनं विचारलं.

"न्हाई साहेब," दादा म्हणाला. "ह्यालाच बघा की, कसा गरगरीत झालाय."

मी मान डोलावली.

वहिनीला तपासलं, तिला काही निघालं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी मेंढरांचं निमित्त काढून सटकलो. घरी येताच दादानं आपला ताट-तांब्या वेगळा काढला.

"कावून?" वहिनी म्हणाली. "डागदर तसं काय म्हणला न्हाई."

"एकच भाऊ हाय मला. त्याला लागलं म्हंजे?"

खोपी त्यानं मला दिली आणि स्वतःचं अंथरूण बाहेर लिंबाखाली नेलं. भावाला वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वस्तीवर माझं लई कौतुक झालं.

आता तो गोळ्या खातोय, सुधारतोय. हा आजार त्याला माझ्याकडून लागला, आणि मला एचआयव्ही आहे, हे मी त्याला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.