आजारी पिंप

दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. दुकानदाराला सगळे वाळवी म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्याला राग येत नाही. वाळवी निदान पुस्तक शेवटपर्यंत नेते, असं तो म्हणतो. गिऱ्हाइकं प्रस्तावनेतच गळतात.

पुस्तक पारखायची त्याची एक रीत आहे. शिवणकाम असो की घड्याळदुरुस्ती, तो आधी बिघाडाचं प्रकरण शोधतो. ते नसेल तर पुस्तक शोभेच्या फळीवर. "ज्याचं कधी काही बिघडलं नाही, त्यानं काही केलेलंच नाही," हा त्याचा सिद्धान्त. वाळवीनं स्वतः लग्न केलेलं नाही, एवढी पुरवणी वरचा दंतवैद्य न चुकता जोडतो.

एका सोमवारी बस चालवणारी एक बाई गणवेशातच दुकानात शिरली.

"काका, आंबट बिअर करण्यावर पुस्तक आहे का? चांगलं हवं. चार वाचली. चारही म्हणतात, ओतून द्या."

पिण्याच्या बाबतीत वाळवीची मजल खोकल्याच्या औषधापलीकडे गेलेली नव्हती. "आंबली तर ओतायचीच ना, ताई?"

"मुद्दाम आंबवतात. हवेत, लाकडात जे काही जिवंत असेल ते शिरू देतात, आणि दोन-दोन वर्षं लाकडी पिंपात ठेवतात. बाबा करायचे. बाबा गेले, त्यांनी भरलेलं शेवटचं पिंप राहिलं. आता त्यातली बिअर दाटलीय. चमचा उचलला की पाकासारखी तार सुटते. दादा म्हणतो, नासली. रविवारी शेड रिकामी करणार."

दादा नळदुरुस्तीवाला होता. कुठलीही गोष्ट मोरीत सोडणं त्याच्या जिवावर येत नसे.

"तुम्ही उघडून बघता किती वेळा?" वाळवीनं विचारलं.

"दर रविवारी. आजारी माणसाला बघायला जावं लागतंच की."

वाळवीनं त्या आठवड्यात आंबट बिअरवरची सात पुस्तकं मिळवली आणि उभ्याउभ्या चाळली. सगळी गुळगुळीत. फेसाचे फोटो असे, की लेखकापेक्षा छायाचित्रकाराचीच मेहनत दिसावी. बिघाडाला कुठे अर्धं पान, कुठे तेही नाही.

आठवं शुक्रवारी दुपारी सापडलं, एका रसायनशास्त्राच्या मास्तरांच्या खोक्यात. चार वर्षं ते खोकं स्टुलाचं काम करत होतं. वाळवी रोज त्यावर उभा राहून वरच्या फळीवर पुस्तकं शोधायचा. पुठ्ठा निघालेला, पानांवर पेल्यांचे तपकिरी गोल डाग. आणि बिघाडाचं प्रकरण साठ पानांचं.

त्यात लिहिलं होतं की ही बिअर आजारी पडते. आधी आलेले जीव तिला आंबट करता करता चिकट करून ठेवतात. मागून दुसरे येतात, संथ चालीचे, आणि तो चिकटपणा सावकाश खाऊन टाकतात. औषध नाही, उपाय नाही. बूच मात्र उघडायचं नाही, हवा लागली की व्हिनेगर. चव बघायचीच तर पिंपाच्या पोटाला एक बारीक खिळा ठोकून ठेवावा, तो उपसून घोटभर धार घ्यावी.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'बरी झाली. एकशे सत्तर दिवस.'

वाळवी खोक्यावर बसला. आयुष्यभर त्यानं बिघाडाची प्रकरणं वाचली होती. आपल्या आपण बरा होणारा बिघाड पहिल्यांदाच भेटत होता. अंधारात, बंद लाकडात, कुणी हुकूम न देता एकांचा पसारा दुसरे आवरतात. सरकारी कचेरीतही हे घडलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

शनिवारी तो पुस्तक घेऊन शेडमध्ये गेला. पिंप भिंतीशी आडवं होतं, त्यावर वडिलांच्या हातची खडूची तारीख. दादानं नळी आणून ठेवलीच होती.

"पुस्तकात काय, काहीही छापतात," दादा म्हणाला.

"छापलेलं सोडा. हे पेन्सिलीचं बघा. ह्याला लिहायचे पैसे मिळाले नव्हते."

दादानं समास वाचला. शेजारचं छापलेलंही वाचलं. मग बहिणीला म्हणाला, "आणि तू दर रविवारी बूच काढून हवा घालत होतीस. बरं, सहा महिने थांबू. पण तू ह्याला हात लावायचा नाहीस." त्यानं बूच घट्ट बसवून त्यावर आपल्या धंद्यातली टेप सात वेढे गुंडाळली. खिळाही त्यानंच ठोकला, थेंब न सांडता.

सहा महिने बाई शेडच्या दारापर्यंत येऊन परत जायची. वाळवी येई तेव्हा पिंपाला कान लावी. काही ऐकू येत नसे. तरी तो टोपी काढून उभा राही.

एकशे ब्याऐंशीव्या दिवशी दादानं खिळा उपसला. धार निघाली ती पाण्यासारखी सुटी, सोनेरी, तार कुठेच नाही. बाईनं घोट घेतला, मग आणखी एक.

"बाबांचीच आहे," ती म्हणाली.

दादानं पेला घेतला, प्यायला, आणि खिळा परत लावायला बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून वाकून राहिला. वाळवीनं जीभ फक्त बुडवली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं; तरी त्यानं पेला खाली ठेवला नाही.

दुकानात गिऱ्हाइकानं पुस्तकावर लिहिलेलं त्याला खपत नाही. त्या दिवशी त्यानं स्वतः पेन्सिल काढून दिली. बाईनं जुन्या ओळीखाली लिहिलं: 'बरी झाली. एकशे ब्याऐंशी दिवस.'

दादानं पेन्सिल मागून घेतली आणि खाली भर घातली: 'खिळा गळत नाही.'