गोमातात्यांचं लाल बटण

गोमातात्यांना राग आला की ते टेम्पो रस्त्याकडेला घेत, चावी काढत आणि मगच शिव्या देत. "रागात ष्टेरिंग धरायचं न्हाय," असं म्हणत. शिव्या संपल्या की चावी लावून शांतपणे निघत. मागे बसलेल्या कोळणी टोपल्या सांभाळत हसायच्या. त्यांना सवय झाली होती.

आमच्या मुरुडच्या टेम्पोंना एका कंपनीनं चाचणीसाठी वायरलेसचे डबे दिले. ते मीच माझ्या गॅरेजात बसवले. घाटात मोबाईलला रेंज नसते. तिथं दरड आली, झाड पडलं, तर पहिल्यानं लाल बटण दाबायचं. मागच्या गाडीतला डबा वाजणार, तिच्यावरून तिच्या मागच्या गाडीतला. तात्यांनी सगळं नीट समजून घेतलं आणि डब्याला हार घातला.

आमच्या शहाण्यांनी महिन्याभरात त्याची माती केली. पुढे पोलीस कागद तपासत असले की दाब बटण! मागचे लगेच बेल्ट लावत, जादा माणसं उतरवत. तात्या स्टँडवर कडाडले, "हरामखोरांनो! उद्या खरंच डोंगर खाली आला तर कंच्या तोंडानं सांगाल?"

युनियनचा दिनेश म्हणाला, "तात्या, पोलीस म्हंजे काय कमी धोका हाय का?"

सगळे खिदळले. ते खिदळणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

त्या आषाढात एका सकाळी घाटातल्या वळणापलीकडे दरड आली. तात्यांनी बटण दाबलं, बायकांना उतरवून लांब उभं केलं आणि स्वतः हात हलवत वळणाकडे धावले. मागून सुधाकर टेम्पो घेऊन येत होता. त्याचा डबा वाजला. सुधाकर म्हणजे सरळमार्गी माणूस. लायसन, विमा, पीयूसी, सगळं चोख. त्याला पोलिसांची भीती कशाला? त्यानं वेग कमीच केला नाही. वळणावर त्याच्या टेम्पोनं तात्यांना उडवलं. तात्या जागीच गेले.

दवाखान्याच्या पायरीवर सुधाकर एकच घोकत होता, "माझे कागद पुरे होते हो." त्याच्या थोबाडीत मारावीशी मला वाटली नाही. मारायची तर सगळ्या स्टँडला मारायला हवी होती.

तात्यांना स्मशानात पोचवून आम्ही दिनेशच्याच टेम्पोनं परतत होतो. वाटेत डबा वाजला.

"थांबव!" मी ओरडलो.

दिनेशचे डोळे अजून ओले होते. त्यानं एका हातानं बेल्ट ओढला आणि गाडी तशीच हाकत म्हणाला, "पोलीस असतील रे. बेल्ट लाव."