कड्यावरून खाली

सत्तर सालाच्या आगेमागे मी भोरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सासर पासलीचं. नाताळच्या सुट्टीत आम्ही नवराबायको एसटीनं वेल्ह्यापर्यंत जायचो, पुढं चालत. तोवर भात झोडून झालेलं असायचं, त्यामुळे माझ्या रंगांकडे बघायला घरात सगळ्यांनाच सवड.

गावापलीकडे डोंगर संपतो तिथं कोकणात सरळ तुटलेला कडा आहे. समोरच्या टेकाडावरून मी तो बरेचदा काढला होता. दरवेळी कॅलेंडरवरच्यासारखा गोड दिसायचा. त्या वर्षी ठरवलं, काठावर पालथं पडायचं, थेट खाली बघायचं आणि दिसेल ते काढायचं. नवऱ्यानं साफ नाही म्हटलं. माहेरपणाला आलेली थोरली नणंद म्हणाली, मी धरते की तिचे पाय.

तिला स्वतःला उंचीची भारी भीती. ती दरीकडे पाठ करून बसली, माझे घोटे आवळून धरले आणि दुपारभर आपल्या सासूबद्दल बोलत राहिली. खालून वारा असा उसळायचा की ब्रशवरचा रंग माझ्याच तोंडावर. समोर ना आभाळ, ना क्षितिज. झाडं म्हणजे शेवाळाचे ठिपके, ओढा म्हणजे पांढरी रेघ, बाकी नुसता निळा आणि करडा. काय काढतेय ते मलाही धड सांगता आलं नसतं, पण हात थांबत नव्हता.

घरी आल्यावर चित्र भिंतीशी धरून दाखवलं. नवरा म्हणाला, गोधडी छान झालीय. सासरे बराच वेळ बघून म्हणाले की रंग लई खर्ची पडला. मी खट्टू झाले. सुरळी करून आणलेला कागद सारखा गुंडाळला जात होता, म्हणून ओसरीत जमिनीवर पसरला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले.

तेवढ्यात नणंद घागर घेऊन आतून आली. कागद ओलांडायला पाऊल उचललं आणि तशीच थबकली. एका हातानं दाराची चौकट धरली.

"वैनी, उचल ते हितनं," ती म्हणाली. "पोरं पडतील."

नवरा उठून तिच्याशेजारी गेला, वाकून बघितलं, आणि नकळत मागं सरला. मला नाचावंसं वाटलं. चित्र काही मी लगेच उचललं नाही. सुट्टी संपेतो घरचे त्याला वळसा घालून ये-जा करत होते, आणि सासरे आल्यागेल्याला बजावत होते, "जरा कडंनं या, तिथं दरी हाय."